मान धरण्याची वाट पाहू नका

बाळाची मान सतत एका बाजूला कलते आणि तोंड दुसरीकडे वळलेले राहते. एका बाजूला पाजले तर ते सहज पिते, दुसऱ्या बाजूला घेतले की कुरकुरते. हे घरात कुणाच्या तरी नजरेस पडते तेव्हा बाळ बहुधा महिना-दीड महिन्याचे असते. त्यावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘अजून मान धरली नाही, धरली की आपोआप सरळ होईल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. बाळंतिणीच्या जिवाला आधीच शंभर घोर, त्यात आणखी एक कशाला, असे त्याला वाटते. पण बाळाला मान धरायला तीन-चार महिने लागतात आणि या विकारावरचे उपचार सगळ्यांत सोपे, स्वस्त आणि खात्रीचे असतात ते नेमके याच तीन-चार महिन्यांत. म्हणून माझे म्हणणे असे की, प्रत्येक बाळाची मान सहा आठवड्यांच्या आत एकदा तरी दोन्ही बाजूंना वळवून बघितली पाहिजे. ती एका बाजूला अडत असेल, तर त्याच आठवड्यात उपचार सुरू झाले पाहिजेत.

या विकाराला वैद्यकात कंजेनिटल मस्क्युलर टॉर्टिकॉलिस म्हणतात. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब स्नायू असतो. तो छातीच्या मधल्या हाडापासून आणि गळ्याच्या आडव्या हाडापासून निघतो आणि कानामागच्या हाडाच्या उंचवट्याला जाऊन मिळतो. आरशासमोर तोंड एका बाजूला वळवले की मानेवर जी तिरपी दोरी उठून दिसते, ती हीच. उजवीकडचा स्नायू आखडला तर डोके उजव्या खांद्याकडे कलते आणि हनुवटी डावीकडे वळते. डावीकडचा आखडला तर याच्या उलट. काही बाळांचा स्नायू मऊ आणि पूर्ण लांबीचा असतो, फक्त डोके एकीकडे ठेवण्याची सवय जडलेली असते. काहींचा स्नायू खरोखरच ताठर आणि आखूड असतो. उरलेल्यांच्या स्नायूत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यांच्या सुमारास एक टणक गाठ हाताला लागते. वेगवेगळ्या पाहण्यांत या विकाराचे प्रमाण हजार बाळांमागे ३ पासून २० पर्यंत आढळले आहे. हाडे आणि स्नायूंच्या जन्मजात दोषांत खुब्याचा सांधा नीट न बसणे आणि क्लबफूट यांच्यानंतर याचाच क्रमांक लावतात. म्हणजे वर्षाला काही हजार बाळंतपणे होणाऱ्या एखाद्या तालुक्यात अशी बाळे दरवर्षी जन्मत असणार, त्यांची नोंद होवो न होवो.

असे का होते याचे एकच उत्तर नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शल्यचिकित्सक श्ट्रोमायर यांनी जन्मताना स्नायू फाटून आत रक्त साकळते, असा तर्क मांडला आणि तो दीर्घकाळ मानला गेला. पण सिझेरियनने, कोणतीही ओढाताण न होता जन्मलेल्या बाळांतही हा विकार दिसतो आणि गाठीत जुन्या रक्ताच्या खुणा सहसा सापडत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड्स, वेंगर आणि मुबारक या तिघांनी वेगळी मांडणी केली. गर्भाशयात किंवा प्रसूतीच्या वेळी मान एका स्थितीत दाबली गेली की या स्नायूच्या कप्प्यातला रक्तपुरवठा कोंडतो आणि पुढे तिथे तंतुमय ऊती तयार होते, असे त्यांनी सुचवले. पहिलटकरणीची बाळे, पायाळू बाळे आणि अवघडलेली बाळंतपणे यांत प्रमाण जास्त असण्याशी हे जुळते. गर्भाशयात जागा अपुरी पडणे हा यातला समान धागा असावा. खुब्याचा सांधा सैल असण्याचे प्रमाण याच बाळांत का वाढते, त्याचाही उलगडा यातून होतो. हे सविस्तर सांगायचे कारण एवढेच की, आपल्याकडे बाळाच्या अंगात काही वाकडे दिसले की बोट आईकडे जाते. तिने ग्रहण पाळले नाही, ती कुशीवर नीट झोपली नाही, तिने बाळाला उचलताना मान सांभाळली नाही, असे बोलले जाते. यातल्या एकाही गोष्टीने हा विकार होत नाही. दोष आपला मानला जाईल या भीतीने आई गप्प बसते आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

निदानाला यंत्र लागत नाही, स्वच्छ हात आणि थोडा धीर लागतो. बाळाला उताणे निजवायचे, एकाने खांदे हलके धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने डोके दोन्ही तळव्यांत घेऊन सावकाश वळवायचे. निरोगी तान्ह्या बाळाची मान मोठ्या माणसापेक्षा बरीच जास्त वळते. हनुवटी खांद्याच्याही थोडी पुढे जाते, साधारण ११० अंशांपर्यंत, आणि कान खांद्याकडे नेला तर तो जवळजवळ टेकतो, साधारण ७० अंशांपर्यंत. दोन्ही बाजूंची तुलना हीच यातली खरी मोजणी आहे. फरक १५ अंशांच्या आत असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० मध्ये असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर तीव्र धरतात. मग बोटांच्या टोकांनी स्नायू वरपासून खालपर्यंत चाचपायचा, कवटीची मागची बाजू एकीकडे चपटी झाली आहे का ते डोक्यावरून, टाळूच्या बाजूने बघायचे आणि दोन्ही खुबे तपासायचे. ही शेवटची पायरी कधीही गाळू नये. वाकड्या मानेच्या बाळांत खुब्याच्या दोषाचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २ पासून २० टक्क्यांपर्यंत सापडले आहे. खुब्याचा दोष पहिल्या काही महिन्यांत सापडला तर पट्ट्याने बरा होतो, मूल लंगडत चालायला लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

गाठीबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण तिथे घरचे लोक सगळ्यांत जास्त हादरतात. तान्ह्या बाळाच्या मानेत एक ते तीन सेंटिमीटरची टणक गाठ लागली की मनात पहिला शब्द कॅन्सर हाच येतो. या गाठीला फायब्रोमॅटोसिस कोली म्हणतात आणि ती कॅन्सर नसते. ती काही आठवडे वाढते, मग थांबते आणि बहुतेक बाळांत चार ते आठ महिन्यांच्या वयापर्यंत विरघळून जाते. ती स्नायूच्या आतच आहे हे साध्या सोनोग्राफीत दिसते, त्यात किरणोत्सर्ग नाही आणि बाळाला गुंगीही द्यावी लागत नाही. सोनोग्राफीचे चित्र नेहमीचे असेल तर सुई घालून तुकडा काढण्याची गरज नसते. मात्र गाठ विरघळली म्हणजे स्नायू मोकळा झाला असे नाही. गाठ गेली म्हणून व्यायाम सोडून दिले जातात आणि मागे तंतुमय, आखूड स्नायू तसाच राहतो, हा धोका डॉक्टरांनी घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळा भर त्यावर आहे. अमेरिकेतील बालरोग फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०१३ मध्ये या विकारासाठी मार्गदर्शिका काढली आणि नंतर ती सुधारली. तिने एकत्र केलेल्या पुराव्यानुसार, उपचार पहिल्या महिन्याच्या आत सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान सुमारे दीड महिन्यात पूर्ण वळू लागते. महिन्यानंतर सुरू केले तर हाच काळ साधारण सहा महिन्यांवर जातो, सहा महिन्यांनंतर सुरू केले तर नऊ-दहा महिने लागतात आणि पूर्ण बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाणही घसरत जाते. हाँगकाँगमध्ये ८२१ बाळांचा पाठपुरावा करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हा या विषयातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक. वर्षाच्या आतल्या या बाळांना हाताने ताण देण्याचे व्यायाम दिले गेले. त्यांतल्या गाठ असलेल्या बाळांपैकी सुमारे ८ टक्के आणि नुसता स्नायू आखडलेल्यांपैकी ३ टक्के बाळांना शस्त्रक्रिया लागली. फक्त सवय जडलेल्या गटात एकालाही लागली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कित्येक बाळे काहीच न करता बरी होतात, मग लवकर उपचार केलेल्यांचे यश हे उपचारांचे कशावरून? १९५० च्या दशकापासून काही अभ्यासक हे सांगत आले आहेत. शिवाय सहाव्या-आठव्या महिन्यात दवाखान्यात येणारी मुले ही आपोआप बरी न झालेलीच असतात, त्यामुळे त्यांचे निकाल वाईट दिसणारच. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत, वरच्या आकड्यांतून तेवढी घट धरूनच वाचावे. पण कोणते बाळ आपोआप बरे होणार आणि कोणते नाही, हे तिसऱ्या आठवड्यात ओळखण्याची खात्रीची खूण कुणाकडे नाही. दुसरे असे की, वाट पाहण्याचा काळ रिकामा जात नाही. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने तो दर महिन्याला जवळपास दोन सेंटिमीटरने वाढतो. कवटी सर्वांत मऊ असते ती याच काळात. डोके एकाच जागी टेकलेले राहिले तर तिथे ती चपटी होते, चपट्या जागेवर डोके आणखी सहज टेकते आणि चक्र सुरू होते. तिसरे कारण अगदी साधे आहे. महिन्याचे बाळ व्यायामाला विरोध करत नाही. सहा महिन्यांचे बाळ हात-पाय झाडते, पालथे पडते, रडून घर डोक्यावर घेते, आणि तोच व्यायाम दिवसातून अनेक वेळा करणे आईच्या आवाक्याबाहेर जाते. समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघावे. सौम्य, दुखणार नाही इतकाच ताण देणाऱ्या व्यायामाने आपोआप बऱ्या होणाऱ्या बाळाचे काहीही बिघडत नाही.

या उपचारांत काय असते? पहिला भाग हाताने ताण देण्याचा. उजवा स्नायू आखडला असेल तर हनुवटी सावकाश उजव्या खांद्याकडे वळवायची, आणि वेगळ्या हालचालीत डोके डाव्या खांद्याकडे कलवायचे. प्रत्येक वेळी काही सेकंद तसेच धरायचे आणि दिवसभरात हे थोडे थोडे करून अनेकदा करायचे. बाळ रडले, अंग ताठ केले किंवा त्याचा श्वास बदलला की तिथेच थांबायचे. हे पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या समोर, त्यांच्या हाताखाली शिकायचे, पुस्तक वाचून किंवा फोनवर व्हिडिओ बघून नाही. पण खरे काम व्यायामाच्या मिनिटांत होत नाही, उरलेल्या तेवीस तासांत होते. बाळाची पाळण्यातली दिशा बदलली की खिडकी, खुळखुळा, आईचा आवाज हे सगळे अवघड बाजूला येते आणि बाळ आपण होऊन तिकडे वळायचा प्रयत्न करते. पाजताना, कडेवर घेताना, कपडे बदलताना हीच दिशा धरायची. बाळ जागे असताना, कुणी समोर बसलेले असताना, त्याला दिवसातून अनेकदा थोडा वेळ पालथे ठेवायचे. स्वीडनमधल्या एका अभ्यासात या विकाराची बाळे दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात हालचालींत थोडी मागे आढळली, दहाव्या महिन्यापर्यंत त्यांनी इतरांना गाठले. जी बाळे रोज अधिक वेळा पालथी ठेवली जात होती, त्यांची प्रगती चांगली होती. मात्र झोपताना बाळ उताणेच हवे. उताणे झोपवण्याचा प्रसार झाल्यावर अमेरिकेत तान्ह्या बाळांचे झोपेतले अकस्मात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चपट्या डोक्याच्या भीतीने हा नियम मोडायचा नसतो.

आपल्या घरांत बाळाला रोज तेल लावणारे हात असतात, ही या उपचारांसाठी मोठी सोय आहे. रोज अंघोळ घालणारी बाई बाळाचे अंग डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा हाताळते. मान एकीकडे अडते आहे किंवा गाठ लागते आहे, हे तिच्याच बोटांना आधी कळू शकते. तिने ते बोलून दाखवावे आणि बाळाला दवाखान्यात न्यायला सांगावे, एवढे तिचे काम. वाकडी मान झटक्याने ‘बसवण्याचा’ प्रयत्न मात्र तिने किंवा कुणीही करू नये. मणक्याची रचनाच मुळात जोडलेली किंवा सैल असेल तर असा झटका जिवावर बेतू शकतो. मोहरीच्या उशीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. डोके गोल राहावे म्हणून ती घराघरांत वापरतात. पण ती आखडलेला स्नायू लांब करत नाही. बाळाचे डोके ज्या खळग्यात एकदा रुतते तिथेच ते राहते, म्हणजे जी बाजू मोकळी करायची तीच पक्की होते. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत उशी देऊच नये, असे सुरक्षित झोपेचे नियम सांगतात.

दुसरा आक्षेप खेड्यापाड्यांतून येतो. फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या गावी, मग सहा आठवड्यांच्या आत निदान कोण करणार? मला वाटते, यासाठी नवी यंत्रणा उभी करावी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेता येते हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. तिथल्या नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्याच धर्तीवर कार्यक्रम आणला. त्यात दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. गाठ हाताला लागते ते दिवस याच भेटींच्या मध्ये येतात. लसीकरणाची तारीखही सहाव्या आठवड्याची असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आणि खुब्याचा दोष हे दोन्ही घेतले, वाकडी मान घेतली नाही. ती घ्यावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण वाकडी मान बघणे हा खुब्याचा दोष शोधण्याचाही एक मार्ग आहे. संशयित बाळ पाठवायला जिल्हा पातळीवरची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेतच, त्यांच्या रचनेत फिजिओथेरपिस्ट धरलेला आहे. दोन-तीन भेटींत आईला व्यायाम नीट शिकवले आणि मध्ये मध्ये तपासले, तर रोज शंभर किलोमीटरची खेप घालावी लागत नाही.

उलट बाजूची काळजीही आहे. इतके बारकाईने बघायला लागलो तर प्रत्येक आई घाबरेल, नसते खर्च वाढतील. ही भीती विशेषतः शहरांत खरी ठरू शकते, कारण तिथे चपट्या डोक्यासाठी महागडी हेल्मेटे विकली जातात. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्याच्या आकारात दोन वर्षांच्या वयाला फरक आढळला नाही. त्या चाचणीत आखडलेल्या मानेची बाळे घेतली नव्हती, म्हणून तिचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण आधी मान मोकळी करावी आणि हेल्मेटचा विचार त्यानंतर, तोही क्वचित, हे मला त्यातून पटते. तपासणीमुळे घबराट वाढण्यापेक्षा, माझ्या मते, ती कमीच होते, कारण हा आजार काय आहे आणि काय नाही हे पहिल्या महिन्यातच कळते. तसेच प्रत्येक वाकडी मान या स्नायूमुळे नसते. आधी सरळ असलेली मान अचानक वाकडी झाली, ताप आला, उलट्या होऊ लागल्या, बाळ मलूल पडले, कलण्याची बाजू बदलत राहिली किंवा दूध प्यायल्यावर अंग मागे ताणले जाऊ लागले, तर कारण संसर्ग, मेंदूतली गाठ, मणक्याचा दोष किंवा पोटातले आम्ल वर येणे यांपैकी काहीही असू शकते. तिथे व्यायाम थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जायचे.

ज्यांची पहिली वर्षे निघून गेली त्यांचे काय? वर्षभर नीट व्यायाम करूनही मान १५ अंशांहून जास्त अडत असेल किंवा स्नायूची ताठ पट्टी राहिली असेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. गळ्याच्या हाडाच्या वर, गरज पडली तर कानामागेही, छोटी चीर देऊन आखूड स्नायू सोडवतात. त्यानंतर काही महिने पुन्हा तेच ताण देण्याचे व्यायाम आणि काहींना मानेचा पट्टा लागतो. शाळकरी वयातही याचा फायदा होतो, मान वळायला लागते. चेहऱ्याची एक बाजू लहान राहिली असेल, तर ती किती भरून येईल हे वय वाढत जाईल तसे अनिश्चित होत जाते. लहानपणीच व्यायामाने बऱ्या झालेल्या मुलांनाही उपचार संपल्यानंतर तीन ते बारा महिन्यांत, किंवा चालायला लागल्यावर, एकदा पुन्हा दाखवावे असे मार्गदर्शिका सांगते. त्या वेळी मान पुन्हा कललेली दिसली, पण स्नायू मऊ आणि मान दोन्हीकडे पूर्ण वळत असली, तर फिजिओथेरपिस्टने त्या मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे असते. डोळा फिरवणारा एखादा स्नायू कमजोर असेल तर दोन प्रतिमा जुळवून एक करण्यासाठी मूल मान तिरकी ठेवते, आणि त्यावरचा उपचार मानेत नसतो.